किल्ल्यावरचा मावळा कोणी घडवायचा?

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात नाशकात मेन रोडपासून सिडकोपर्यंत रस्त्यांच्या कडेला पणत्या, बोळकी आणि रांगोळीच्या ढिगांशेजारी मावळ्यांच्या रांगा मांडल्या जातात. त्या सर्व मावळ्यांचा एकच पाय पुढे असतो, तलवार एकाच कोनात उगारलेली असते आणि मिशा कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात उमटलेल्या असतात. सिंहासनावरील महाराज, दोन भालदार, तोफ, वाघ आणि पायथ्याच्या गावासाठी एखादी गवळण किंवा वासुदेव, असा ठरावीक संच असतो. तो घरी आणला की मुलांचा किल्ला ‘पूर्ण’ होतो. किल्ल्याचा डोंगर अजूनही बऱ्याच ठिकाणी मुलेच रचतात. दगडविटांवर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरणे, गेरू आणि चुन्याने बुरूज रंगवणे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवणे, हे सारे हातांनी होते. माणसे मात्र विकत आणली जातात. डोंगर घरचा आणि माणसे बाजारची, अशी ही वाटणी आहे आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विचार करण्याजोगे आहे, असे कोणाला वाटत नाही.

महागाई, बेकारी आणि कांद्याच्या भावाचा प्रश्न पुढ्यात असताना बोटभर उंचीच्या मातीच्या बाहुल्यांवर एवढी शाई कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. विचारणे रास्तच आहे. पण श्रम कशाला म्हणावयाचे, तो कोणासाठी करावयाचा आणि इतिहासात कोणाला जागा द्यावयाची, हे तीन प्रश्न ज्या एका वस्तूत एकत्र येतात ती वस्तू बोटभर असली तरी क्षुल्लक नसते.

आरंभ रामशेजपासून करणे सोयीचे होईल. नाशिकच्या उत्तरेस, दिंडोरीच्या वाटेवर उभा असलेला हा बेताच्या उंचीचा किल्ला नाशकातील मुले आवडीने करतात. १६८२ मध्ये मोगल फौजेने त्याला वेढा घातला आणि मूठभर शिबंदीने तो कित्येक वर्षे लढवला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या. तेव्हा लाकूड कोरून, त्याला चामडे मढवून तोफा बनवल्या गेल्या, असे मोगल इतिहासकार खाफीखान याने नोंदवून ठेवले आहे. आता ही तोफ कोणी बनवली असेल? लाकूड कोरणारा सुतार असला पाहिजे आणि कातडे कमावून ते ताणून बसवणारा चर्मकार असला पाहिजे. रामशेजच्या प्रतिकारात त्यांचा वाटा तलवारवाल्यापेक्षा तिळमात्र कमी नव्हता. पण बाजारातल्या संचात सुतार नाही, चर्मकारही नाही. लाकडी तोफसुद्धा नाही, कारण साच्यातली तोफ लोखंडी तोफेची नक्कल आहे. म्हणजे मुलाने रामशेजची गोष्ट ऐकली, डोंगर नेमका रामशेजसारखा रचला, तरी त्यावर माणसे मांडताना त्याला जी गोष्ट सांगता येते ती बाजाराने ठरवलेली असते.

इतर किल्ल्यांचेही असेच आहे. किल्ल्यासाठी जागा निवडताना पाण्याचा विचार प्रथम करावा, असे अठराव्या शतकाच्या आरंभीचे आज्ञापत्र बजावते. पण टाके खोदणारा पाथरवट संचात कधी दिसला नाही. रायगड उभारणाऱ्या हिरोजी इंदुलकराचे नाव जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेले आहे, तरी दिवाळीच्या रायगडावर बांधकाम करणारा एकही माणूस नसतो. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यात बागलाणातील साल्हेरही आहे. १६७२ मध्ये त्याच साल्हेरखाली मोठी लढाई झाली. वारसा म्हणून दगडांची नोंद झाली हे चांगलेच झाले. ते दगड वाहणाऱ्या, गडावर पाणी, गवत व धान्य चढवणाऱ्या माणसांची नोंद निदान मुलांच्या खेळात तरी व्हावी, ही अपेक्षा फार मोठी नाही. आणि तसे व्हावयाचे तर मुलाच्या हाती साच्याऐवजी मातीचा गोळा असावा लागतो.

मातीचा गोळा मात्र सहजासहजी ऐकत नाही. नाशिकच्या शेतातली काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना आकसून तडकते. नुसत्या तिच्यातून केलेला मावळा दुसऱ्या दिवशी कमरेत फाटलेला दिसतो. म्हणून तिच्यात तळ्यातला गाळ, बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळावी लागते. हे प्रमाण कुंभाराला हाताच्या स्पर्शाने कळते, मुलाला दोन-चार मावळे फुटल्यावर कळते. पाय बारीक केले तर ते धडाचे वजन पेलत नाहीत. विदेशातील छांदिष्ट अशा वेळी आत तारेचा सांगाडा घालून त्यावर दोन भाग एकत्र मळावयाची रासायनिक लुकण चढवतात. आपल्याकडे नळदुरुस्तीसाठी मिळणारे एम-सील त्याच जातीचे. मातीत ही युक्ति चालत नाही, कारण माती आकसते आणि तार आकसत नाही, त्यामुळे तडा नेमका तारेच्या रेषेवर जातो. मातीत काम करणाऱ्याने म्हणून वेगळा मार्ग शोधला पाहिजे. लगद्यात भिजवलेला कागद किंवा कापूस मिसळावा, पायांऐवजी घोळदार अंगरखा खालपर्यंत आणावा, शिपायाला खडकाला टेकून उभा करावा किंवा सरळ बसता करावा. हात धडापासून सुटा ठेवला की तुटतो, तेव्हा तो ढालीशी किंवा खांद्यावरच्या कावडीशी जोडून टाकावा. तलवारीला केरसुणीची काडी पुरते. डोळे टाचणीच्या टोकाने होतात. सावलीत सावकाश वाळवावे लागते, आणि भाजावयाचे असेल तर आत ओल राहिलेली चालत नाही, नाहीतर भट्टीत आकृती फुटते.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. साच्यातून निघालेला मावळा तलवार उगारून धावतो, कारण साच्याला काहीही शक्य असते. हाताने केलेला मावळा बहुधा बसलेला, टेकलेला, ओझे वाहणारा निघतो, कारण मातीला तेवढेच झेपते. आणि शिबंदीचे खरे आयुष्य बसण्यात, पहारा करण्यात आणि ओझी वाहण्यातच गेले. अशा रीतीने मातीची अडचणच मुलाला इतिहासाच्या अधिक जवळ नेते.

बोटभर सैनिक मांडून लढाई रचण्याचा छंद मराठी मुलांपुरता नाही, आणि युरोपातील त्याचा प्रवास आपल्या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ पितापुत्रांनी हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी बसवला. पुत्राची नियमावली १८२४ ची. तेथे तो राज्यकर्त्यांचा खेळ होता. पुढे लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतावयास सुरुवात केली. पोकळीमुळे शिसे कमी लागले, किंमत उतरली आणि मध्यमवर्गीय घरांत फौजा शिरल्या. त्या फौजांसाठी घरगुती नियम लिहिले ते एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात. काही वर्षे फेबियन समाजवाद्यांत वावरलेला हा लेखक जमिनीवर ठोकळ्यांची गावे मांडून स्प्रिंगच्या तोफांनी लाकडी गोळे मारीत असे. खरे युद्ध किती मूर्ख आणि महाग वस्तू आहे हे या खेळातून कळावे, असा त्यांचा दावा होता. १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोन यांनी या छंदावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याला संघटित रूप येऊ लागले होते. हव्या त्या सैन्याचे सैनिक बाजारात मिळत नसत. म्हणून छांदिष्ट लोक मिळेल त्या बाहुलीचे डोके कापून दुसरे बसवीत, घरी साचे करीत, शिसे ओतीत. त्या टंचाईने त्यांना कारागीर बनवले.

१९७५ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीने हे चित्र पालटले. १९८३ पासून तिने स्वतःची काल्पनिक विश्वे, स्वतःचे नियम आणि त्या नियमांना लागणाऱ्या स्वतःच्याच बाहुल्या विकावयास आरंभ केला. इतिहासातील नेपोलियनचे सैन्य कोणाच्या मालकीचे नसते. कंपनीने कल्पिलेले सैन्य मात्र कंपनीच्या मालकीचे असते. आज पोलादी साच्यांतून प्लॅस्टिकच्या आकृती काढणारी ही कंपनी डिसेंबर २०२४ पासून लंडन शेअरबाजारातील शंभर मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकात बसते. तिने आपला कारखाना नॉटिंगहॅममध्येच ठेवला, स्वस्त मजुरीच्या शोधात तो परदेशी हलवला नाही, हे तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु खेळ, खेळाचे नियम आणि खेळातील माणसे या तिन्हींची मालकी एका हाती गेली की छांदिष्टाकडे फक्त रंगवण्याचे काम उरते. त्रिमितीय छपाईचे यंत्र आल्यावर काहींना ही मक्तेदारी मोडल्यासारखी वाटते. ते काही अंशी खरेही आहे. मात्र तेथेही बहुतेक जण दुसऱ्याने केलेली आकृती पैसे देऊन उतरवून घेतात, घडवीत नाहीत. हाताने लुकण मळून सैनिक घडवणारी माणसे इंग्लंड-अमेरिकेत अजून आहेत. तयार माल दुकानात रांगेने मांडलेला असतानाही ती हे करतात, म्हणून त्यांच्याकडे कौतुकाने पाहावयास हवे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे वागणे वेडेपणाचे आहे. बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगभूमी व संगीताच्या अर्थकारणाचा अभ्यास करताना दाखवून दिले की ज्या कामात मनुष्याचा वेळ हाच मालाचा गाभा असतो, त्या कामाची उत्पादकता यंत्रोद्योगाइतकी वाढू शकत नाही. चार वादकांची रचना शंभर वर्षांपूर्वी जेवढ्या वेळात वाजत असे तेवढाच वेळ आजही घेते, आणि म्हणून इतर वस्तूंच्या तुलनेत ती महाग होत जाते. मावळ्याचे तेच आहे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून रबरी साच्यात ओतले की काही मिनिटांत घट्ट होते, आणि एक माणूस दिवसाकाठी शेकड्याने आकृती काढतो. हाताने घडवणाऱ्याला एका आकृतीस दोन तास लागतात. त्या दोन तासांची रास्त मजुरी किमतीत धरली तर तो मावळा कोणीही विकत घेणार नाही. यातून निष्कर्ष एवढाच निघतो की हाताने घडवलेली आकृती बाजारात टिकत नाही. ती घडवूच नये, असा निघत नाही. विकावयाचेच नसेल तर किमतीचा प्रश्न उद्‌भवत नाही. मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत ज्या परात्म श्रमाचे वर्णन केले, त्याच्या नेमके उलट टोक म्हणजे मुलाने ओटीवर बसून केलेला हा श्रम. कच्चा माल त्याचा, हत्यार त्याचे, आकृती कोणाची करावयाची हा निर्णय त्याचा आणि तयार वस्तूही त्याची. शाळेत ‘कार्यानुभव’ हा विषय आला, पुस्तकांत त्याचे गोडवे गायले गेले. प्रत्यक्षात त्या तासाला बहुधा विकतच्या कागदाची फुले होतात.

इथपर्यंत सर्व ठीक वाटते, आणि इथेच सावध व्हावयास हवे. हाताच्या श्रमाचे गुणगान करणारे पुष्कळदा ज्यांचे हात आधीपासून मातीत आहेत त्यांना विसरतात. मध्यमवर्गीय मुलाने चिखलात हात घातला की तो छंद, आणि कुंभाराच्या मुलाने घातला की ते पोट. पहिल्याला कंटाळा आला की तो उठून जाऊ शकतो, दुसऱ्याला ती मुभा जातीने आणि दारिद्र्याने नाकारली आहे. तेव्हा हातकामात उपजतच काही पावित्र्य आहे, असे मानणे धूर्तपणाचे ठरेल. रस्त्याकडेला मावळे मांडून बसलेल्या बाईचा त्या पंधरवड्यातील विक्रीवर पुढचा बराच काळ निघावयाचा असतो. मुलांनी सारे घरीच करावे असा उपदेश तिच्यासमोर उभे राहून कोणी करू नये.

नाशकात या व्यवसायाची मुळे किती खोल आहेत हे पाहण्यासारखे आहे. गोदाकाठच्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा वस्तीच्या एकावर एक थरांतून मातीच्या भांड्यांचा इतिहास वर आला. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, न भाजलेल्या मातीची, हाताने घडवलेली स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा बैल सापडला. पोळ्याला ज्यांच्या गोठ्यात बैल नाहीत त्यांच्या घरी पुजला जाणारा मातीचा बैल याच परंपरेतला. पांडवलेण्यांतील शिलालेख अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावेत असे आहेत. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेवले. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे, आणि त्या स्वीकारणाऱ्या श्रेणींत ‘कुलरिक’ आहेत. या शब्दाचा अर्थ अभ्यासकांनी बहुधा कुंभार असा लावला आहे. म्हणजे एके काळी नाशिक परिसरातील कुंभारांची संघटना ही आजच्या भाषेत बँक होती. दुसऱ्याच्या औषधाचा पैसा निर्धास्तपणे जिच्या हाती द्यावा, अशी पत तिला होती.

ती पत गेली ती कौशल्य संपले म्हणून नव्हे. अॅल्युमिनियम, पोलाद आणि प्लॅस्टिकने भांडी नेली, शहर वाढले तशी माती आणि भट्टीची जागा दूर गेली, आणि उरले ते सणासुदीचे चार-दोन हंगाम. त्यांतही प्लॅस्टर शिरले. खादी ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून कुंभारांना विजेची चाके वाटली. त्याने शरीरकष्ट वाचले, पण चाकावर मावळा होत नाही आणि गिऱ्हाईकही त्या चाकासोबत मिळत नाही. प्लॅस्टरच्या मूर्तींच्या विसर्जनाविषयी वाद झाले, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. मावळ्याचे विसर्जन नसते, तो दिवाळीनंतर कचऱ्याच्या गाडीतून निमूट जातो, म्हणून त्याच्यावर कोणी वाद घालीत नाही. मातीचा मावळा मात्र पावसाच्या पहिल्या सरीत विरघळून पुन्हा माती होतो.

शांततावादी मंडळींचा एक आक्षेप उरतो. मुलांच्या हाती सैनिक द्यावेतच कशाला? वेल्स यांचे उदाहरण त्यांच्या बाजूचे आहे. खेळातून युद्धाचा मूर्खपणा कळेल म्हणणारा हा माणूस पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, हे युद्ध सर्व युद्धांचा शेवट करील असे सांगणारे पुस्तक लिहून बसला. खेळाने त्याला शहाणे केले नाही. तरीही मातीची तलवार काढून घेतल्याने मुलाच्या मनातली तलवार जात नाही. तयार साच्याचा खरा धोका वेगळाच आहे: त्यात शत्रूही तयार मिळतो. एकाच चेहऱ्याचा, एकाच पोशाखाचा, मारण्यापुरता बनवलेला. स्वतःच्या हाताने वेढा घालणाऱ्याचा शिपाई घडवावा लागला तर मुलाला त्याचे नाक, त्याची पगडी, त्याच्या पाठीवरचे बोचके यांचा विचार करावा लागतो. रामशेजखाली वर्षानुवर्षे पाऊस खात पडलेला मोगल फौजेतला तो भिस्ती किंवा बेलदार कोण होता, कोठून आला, त्याचा पगार वेळेवर होत होता का? एवढे कुतूहल ज्या मुलाला वाटले, त्याला पुढे द्वेषाचे राजकारण विकणे थोडे अवघड जाते. सगळ्यांच्या बाबतीत असे घडेलच अशी हमी अर्थात कोणी देऊ नये.

नाशकात गल्लोगल्ली दिवाळीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि त्यांच्या संयोजनात आपले कार्यकर्तेही असतात. त्यांना काही करता येण्याजोगे आहे. स्पर्धेचे निम्मे गुण हाताने घडवलेल्या आकृतींना ठेवावेत आणि त्यांत लढवय्यांखेरीज गडावर राबणारी निदान पाच माणसे असावीत, अशी अट घालावी. पाथरवट, पाणक्या, सुतार, दळण दळणारी बाई, कोणीही. विकतच्या आकृतींना मज्जाव करू नये. त्या रस्त्याकडेच्या विक्रेतीचे पोट त्यावर आहे. माती मात्र कुंभाराकडून विकत घ्यावी, मळून तयार केलेली, त्याने सांगितलेल्या दराने. आणि त्यालाच, किंवा त्याच्या घरातील बाईला, दोन दिवस मुलांना शिकवावयास बोलवावे. सत्कार, शाल आणि नारळ यांवर भागवू नये. गवंड्याला जो रोज देतो तोच द्यावा आणि तो पहिल्या दिवशी संध्याकाळीच द्यावा. बक्षिसांच्या चषकांवर जो खर्च होतो त्यात हे बसते. चषक वगळले तर कोणाचे काही अडत नाही. चाळींत आणि झोपडपट्टीत जेथे अंगण नाही तेथे महापालिकेच्या शाळेचे पटांगण सुटीत मोकळेच असते. त्यासाठी अर्ज मात्र वेळेवर करावा लागेल.

माती भिजवून, मळून, मुरावयास आठवडाभर लागतो. त्यामुळे कुंभारवाड्यात निरोप धाडावयाचा तो कोजागरीच्या आधी.